उपस्थात्याचा अनुराग का आटतो?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे उपस्थात्याचे चार गुण होत. वैद्य व द्रव्य यांविषयी आपण पुष्कळ लिहितो, उपस्थात्याविषयी क्वचितच. आजच्या रुग्णालयातील परिचारिका, वॉर्डबॉय, आया व निवासी डॉक्टर हे सारे उपस्थातेच आहेत. आपले अनेक पदवीधरही खाजगी रुग्णालयांत रात्रपाळी करतात. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात 'बर्नआउट' या अवस्थेची गणना रोगांत न करता कामाशी निगडित स्थितींत केली आहे. शक्ती संपल्याची जाणीव, कामाविषयी अलिप्तता वा तिटकारा आणि कार्यक्षमतेचा ऱ्हास ही तिची तीन अंगे. आपल्या परिभाषेत पाहता यातील दुसरे अंग म्हणजे अनुरागाचा, तर तिसरे म्हणजे दाक्ष्याचा क्षय होय. म्हणून रुग्णावर खेकसणारी परिचारिका स्वभावतःच कठोर असेल असे गृहीत धरू नये.

हेतुविचार : रात्रिजागरण रूक्ष व वातप्रकोपक आहे. पाळ्या बदलत राहिल्याने विषमाशन घडते. मूत्र, क्षुधा, तृष्णा व निद्रा यांचे वेग रोज अडवले जातात. यांखेरीज अश्रुवेगाचे धारण होते, त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. एका खाटेवरील रुग्ण दगावल्यावर डोळे पुसण्यासही उसंत न मिळता पुढच्या खाटेकडे जावे लागते. बाष्पवेग अडविल्याने हृद्रोग, अरुची व भ्रम संभवतात, असे शास्त्र सांगते.

परीक्षण : हे रुग्ण आपणाकडे मनाची तक्रार घेऊन येत नाहीत. अम्लपित्त, शिरःशूल, निद्रानाश वा पाळीची अनियमितता एवढेच सांगतात. तेव्हा पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. सलग किती रात्रपाळ्या झाल्या? शेवटची सुटी केव्हा मिळाली? मनातले कोणाजवळ बोलता? जगणे नकोसे वाटते काय? शेवटचा प्रश्न विचारल्याने तसा विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे.

चिकित्सा : प्रथम निदानपरिवर्जन. जागरण टाळता येत नसेल, तर जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी जेवणापूर्वी झोपावे, हा वाग्भटाचार्यांचा उपदेश रात्रपाळीसाठी आजही उपयुक्त आहे. पादाभ्यंग व उष्ण, स्निग्ध, लघु आहार यांची जोड द्यावी. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा ही द्रव्ये साहाय्यक आहेत. मात्र केवळ औषधाने आठवड्याचे वेळापत्रक बदलत नाही, याचे भान ठेवावे.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की झोपेसाठी वारंवार काही मागणाऱ्या कर्मचाऱ्यास वैद्याकडे पाठवावे. झोपेच्या वा थायरॉईडच्या गोळ्या चालू असल्यास, तसेच यकृतविकार वा गर्भावस्था असल्यास, अश्वगंधा परस्पर देऊ नये. गावात नोकरी व नाव दोन्ही जपायचे असते; म्हणून दुकानात इतरांसमोर चौकशी करू नये.

दोन आठवडे उदासी टिकल्यास मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. आत्मघाताचा विचार दिसल्यास रुग्णास एकटे सोडू नये व त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा अहोरात्र उपलब्ध आहे.

आपल्यापैकी ज्यांची स्वतःची रुग्णालये आहेत, त्यांच्यावर अधिक दायित्व येते. केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेने सलग काम साधारणतः १२ तासांपेक्षा अधिक नसावे, असे म्हटले होते. आपल्या पंचकर्म विभागातील सेवकांचे तास आपण कधी मोजले आहेत काय? चतुष्पादांतील एक पाद खचला, तर उरलेल्या तिघांवर चिकित्सा किती काळ उभी राहील, याचा विचार प्रत्येकाने करावा.