पितळेला घाई सोसत नाही

गणपतीच्या तोंडावर रत्नागिरीकडच्या गावांतली बंद घरं उघडतात आणि माळ्यावरच्या समया, ताम्हनं, घंगाळं, कळशा खाली उतरतात. वर्षभर खारा, दमट वारा खाऊन पितळ काळंकुट्ट झालेलं असतं. हाताशी वेळ नसतो, म्हणून संडास धुण्याचं अ‍ॅसिड ओतलं जातं आणि बघता बघता भांडं पिवळं होतं. माझं म्हणणं असं, की जुनं पितळ काळामुळे फारसं नासत नाही. ते या घाईने नासतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वरचा काळपटपणा हा पातळ थर असतो, आणि तो खालच्या धातूला बऱ्यापैकी सांभाळतो. जहाल अ‍ॅसिड त्या थरापाशी थांबत नाही. ते जस्त ओढून नेतं, तांबं मागे उरतं आणि भांड्यावर लालसर डाग दिसू लागतात. लोक त्याला मळ समजून आणखी घासतात. पण गेलेलं जस्त घासून परत येत नाही. शिवाय अ‍ॅसिडातले क्लोराइड बारीक छिद्रांत बसून राहतात आणि पावसाळी हवेत नेमकी तिथेच हिरवी पूड धरते.

यावर कोणी विचारील, आमसूल, चिंच, बिंबलं हीसुद्धा आंबटच, मग आज्यांनी वेगळं काय केलं? फरक जहालपणाचा आहे आणि वेळेचा. आमसुलाच्या पाण्याने वरचा थर सुटतो, लगेच भांडं धुतलं जातं आणि कोरड्या फडक्याने पुसलं जातं. तेच ताम्हन आमसुलात रात्रभर बुडवून ठेवलं तर तेही लाल पडेल. घासण्यालाही हिशेब हवा. जुन्या समईच्या शेंड्यावरचा हंस जवळून पाहा: पंखांवरच्या रेघा बुजलेल्या, चोच बोथट, डोळ्याच्या जागी नुसता गुळगुळीत खळगा. तो दरवर्षी राखेने आणि विटेच्या पुडीने थोडाथोडा झिजला आहे. म्हणून खोबणीतला काळेपणा मुद्दाम राहू द्यावा. नक्षी त्यानेच उठून दिसते. दिनकर केळकरांनी पुण्यातल्या संग्रहालयासाठी अडकित्ते, दिवे, वज्रींसारख्या घरगुती वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह सरकारच्या हवाली केला. अशा वस्तूंची किंमत वजनावर नसते, घडणीवर असते, आणि घासताना जाते ती घडणच.

एक धोका कोकणातल्या घरांना विशेष आहे, आणि त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली असत आणि ती आपोआप तडकत. त्याचं कारण १९२१ मध्ये नीट उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि धातू थंडच ओढून घडवताना त्यात कोंडून राहिलेला ताण. आपल्याकडे गोठा घराला लागून असतो आणि हंडे-कळशा त्याच्याच माळ्यावर जातात. ठोकून घडवलेल्या भांड्यांना हा धोका जास्त, ओतीव समईला कमी. तेव्हा गोठ्याच्या बाजूला घडीव भांडी ठेवू नयेत, आणि अमोनिया असलेली पॉलिशं त्यांना लावू नयेत.

दुसरा आक्षेप असा, की एवढी उठाठेव करण्यापेक्षा लॅकर मारून शोकेसमध्ये ठेवावं. नुसत्या शोभेच्या वस्तूला ते चालेल. समई मात्र तापते, तिच्यावरचा लॅकर पोपडे धरतो आणि त्याखाली दमटपणा शिरून डाग पडतात. मला वापर हाच उत्तम उपाय वाटतो, पण तो डोळसपणे व्हावा. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, सोलकढी, आमटी कळकते. तांबं अन्नात उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवू नये, आणि आतून पिवळं डोकावू लागलं की आधी कल्हई करावी, मग शिजवावं. कल्हईवाला मिळत नसेल तर त्या पातेल्यात पाणी तापवावं, कोरडं धान्य ठेवावं. मोडीत घालण्यापेक्षा ते बरं. गिलिटाच्या दागिन्यांना तर लिंबू-चिंचही लावू नये. सोन्याचा थर इतका पातळ असतो, की एका घासण्यात खालचं पितळ उघडं पडतं. त्यांनी कातडीला खाज सुटते ती बहुधा मधल्या निकेलच्या थरामुळे. ज्यांना ती सुटते त्यांनी ते दागिने अंगावर घालूच नयेत.

परदेशी राहणाऱ्या कोणी आजीची समई न्यायची ठरवली, तर १९७२ चा पुरावशेष कायदा आधी पाहावा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू स्वतः देशाबाहेर नेता येत नाही, आणि तितकी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घेता येतो. जी भांडी गावीच राहतील ती घर बंद करण्याआधी धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, खोबरेलाचा हलका हात फिरवून सुती कापडात बांधावीत. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो आणि वर्तमानपत्राचा कागद ओल धरून धातूला चिकटतो. मिठाच्या आणि आमसुलाच्या बरण्यांपासून ही गाठोडी लांब ठेवावीत.