अभ्यासवर्गाची वही

आमच्या अच्छाडकडे लाल बावटा घरात असतोच, कुडाला खोचलेला. त्यामुळे मी चळवळीत शिरलो असं म्हणता येत नाही. शिकायला मात्र बराच वेळ लागला.

१. वारसा रक्तातून उतरत नाही. तलासरीच्या ज्या कॉलेजात गेलो त्याला नाव गोदावरी परुळेकरांचं. तरी त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हातात घेतलं ते विसाव्या वर्षी, अभ्यासवर्गात मलाच त्यावर बोलायचं होतं म्हणून. २३ मे १९४५ ला वारल्यांची परिषद भरली ते झरी आमच्याच तालुक्यातलं. तिथून मी शेकडो वेळा गेलो असेन. त्याच चळवळीत तळवाड्याच्या गोळीबारात पडलेल्या जेठ्या गांगडचं नाव घोषणेत ओरडायचो, पण गोळीबार कोणत्या साली झाला ते विचारलं असतं तर गप्प बसलो असतो.

२. अवघड शब्दाची भीती ऐकणाऱ्याला नसते, सांगणाऱ्यालाच असते. ‘वरकड मूल्य’ समजावताना मी इंग्लंडच्या कापडगिरण्या पाऊण तास फिरवल्या. मागे बसलेला, उंबरगावच्या कंपनीत जाणारा पोरगा म्हणाला, “म्हणजे बारा तास राबायचं नि आठाचा पगार, तेच ना?” तेच नव्हे, आठ तासांतही ते असतंच. दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. बरोबर केलं का, अजून ठरत नाही.

३. वर्ग ठेवण्याआधी पोरांची शिफ्ट विचारावी. आणि भाताच्या आवणीत ठेवूच नये.

४. मार्च २०१८ च्या नाशिक-मुंबई शेतकरी मोर्चासाठी मी नवे बूट घेतले होते. इगतपुरीच्या आधीच फोड आले. आमच्याकडच्या बाया झिजक्या चपलांत पुढे, मी मागे, बूट हातात. शेवटच्या रात्री, दहावीच्या पोरांची सकाळी परीक्षा चुकू नये म्हणून, सगळे न झोपता आझाद मैदानापर्यंत चालले. त्यावर कुणी वर्ग घेतला नव्हता.

५. मला लिहिता येतं, हा माझा सगळ्यात मोठा गैरसमज. वनहक्काच्या दाव्यात जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असल्याचं दाखवावं लागतं आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. एका दाव्यासाठी शेजारपाड्यावरच्या आजीचा जबाब मी घेतला. तारखा तिला सांगता येईनात. लग्न होऊन ती आली तेव्हा दावेदाराचा बाप तिथंच नागली करत होता, एवढं पक्कं ठाऊक. मी त्याचं ‘सदर क्षेत्र वडिलोपार्जित वहिवाटीखाली असून’ असं फर्मास केलं आणि मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. आजी ऐकून म्हणाली, “हे मी नाय बोलले.”

कागद फाडला. दुसऱ्यांदा तिची नागली, तिचं लग्न, बांधावरचा मोह, सगळं ती बोलली तसं उतरवलं. पाऊण पान झालं. तिनं अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली.

दावा मंजूर झाला. पट्ट्यावर क्षेत्र आलं ते कसतात त्याच्या निम्म्याहून कमी. अपिलाचा अर्ज दिलाय. सोबत आजीचा तोच जबाब पुन्हा जोडलाय.