एका फुलपाखराचे दोन ऋतुवेश

फुलपाखरू म्हटले की ऊन, फुले आणि भडक रंग यांची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. प्रस्तुत प्रकरणात ज्या जातीचा परिचय करून घ्यावयाचा आहे, तिचा मात्र या तिन्हींशी फारसा संबंध नाही. ती सूर्यास्ताच्या सुमारास उडते, फुलांकडे क्वचितच फिरकते आणि तिचा रंग मातकट तपकिरी असतो. शास्त्रीय परिभाषेत तिला 'मेलॅनायटिस लेडा' म्हणतात. इंग्रजीतील 'ईव्हनिंग ब्राऊन' या नावावरून आपण तिला येथे 'सांजपिंगट' म्हणू.

आफ्रिकेपासून भारत, आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियापर्यंत उष्ण प्रदेशात ती सर्वत्र आढळते. रायपूरच्या आसपास तिला दोन प्रकारची वसतिस्थाने लाभली आहेत. एक म्हणजे बारनवापारासारखी पानझडीची वने, आणि दुसरे म्हणजे छत्तीसगढच्या मैदानातील धानाची शेते. कारण हिची अळी गवतावर जगते आणि धान हेही अखेर एक गवतच आहे.

मादी गवताच्या पात्यावर हिरवट, गोल अंडी घालते. अळीही हिरवीच असते. तिच्या डोक्यावर दोन केसाळ शिंगे आणि शेपटीकडे दोन टोके असतात. रात्री खावे व दिवसा पात्याच्या खालच्या बाजूस निश्चल राहावे, असा तिचा क्रम असतो. कोशही पात्याखालीच लोंबतो व तोही हिरवा असतो. पावसाळ्यात अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा प्रवास सुमारे एका महिन्यात पुरा होतो. धानावरील किडींच्या यादीत या अळीचे नाव असते खरे, परंतु तिच्यामुळे पिकाचे मोठे नुकसान सहसा होत नाही.

खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. पावसाळ्यात जन्मलेल्या फुलपाखराने पंख मिटले की त्यांच्या खालच्या बाजूस बारीक आडव्या रेघा आणि कडेला पिवळ्या वलयांचे डोळ्यांसारखे ठिपके दिसतात. कोरड्या ऋतूतील फुलपाखरात हे ठिपके जवळजवळ नाहीसे झालेले असतात आणि पंखाचे टोक अधिक कोनदार झालेले असते. एखादे वाळक्या पानासारखे पिवळट, एखादे काळपट डागांचे, तर एखादे तांबूस असते. दोन नमुने शेजारी ठेवले तर ते एकाच जातीचे आहेत, यावर सहजासहजी विश्वास बसत नाही. प्राणिशास्त्रज्ञांचाही बसला नव्हता. लिनीयसने १७५८ मध्ये 'लेडा' हे नाव दिले. पुढे क्रेमरने कोरड्या ऋतूतील रूपाला 'इस्मीन' म्हणून वेगळी जात ठरविले. कलकत्त्याच्या लायोनेल द निसेव्हिल यांनी तेथील या कुळातील काही जातींच्या अळ्या वाढवून ऋतुरूपांचा प्रश्न तपासला व आपले निष्कर्ष १८८६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्यासारख्यांच्या चिकाटीमुळे ही दोन्ही रूपे एकाच जातीची असल्याचे निश्चित झाले. पिंजऱ्यात गवत वाढवून अळ्या पोसण्याचे हे काम दिसते तितके सोपे नसते.

कोणता वेश घ्यावयाचा हे ठरते केव्हा? फुलपाखरू बाहेर येण्यापूर्वीच, अळीच्या शेवटच्या अवस्थेत. या काळात तिला लाभणारी उष्णता हा प्रमुख संकेत असतो. अळी उबदार हवेत वाढली तर ठिपक्यांचे रूप आणि थंडाव्यात वाढली तर पर्णसदृश रूप निघते. पावसाळा सरल्यावर रायपूरकडील रात्री गार होऊ लागतात, तेव्हा गवत अद्याप हिरवेच असते. पण अळीच्या शरीरातील संप्रेरके येणाऱ्या कोरड्या दिवसांची तयारी करू लागतात.

दोन वेशांचे प्रयोजन काय? पावसाळी फुलपाखराला थोड्या दिवसांत जोडीदार शोधून अंडी घालावयाची असतात. हालचाल करणाऱ्याला लपून भागत नाही. तेव्हा शत्रूचा पहिला घाव मस्तकाऐवजी पंखाच्या कडेवर पडावा, हे इष्ट. तिच्या आफ्रिकी नातलगावरील २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नाकतोडे खाणारा प्रार्थनाकीटक या ठिपक्यांवरच झडप घालतो, असे दिसून आले. कोरड्या ऋतूत मात्र अळ्यांना खावयास कोवळे गवत नसते. अंडी घालणे लांबणीवर टाकून कित्येक महिने केवळ जिवंत राहणे एवढेच काम उरते. फुलपाखरू दिवसभर पाचोळ्यात बसते आणि पायाखाली येईपर्यंत हलत नाही. प्रत्येकाचा रंग निराळा असण्याचाही लाभ होतो, कारण पक्ष्याला एकाच नमुन्याच्या शोधाची सवय लावून घेता येत नाही.

ही सारी योजना पाचोळ्यावर अवलंबून आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळू लागली की ती वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालील पाचोळा पेटविण्याची रीत मध्य भारतात आहे. मोहावर ज्यांचे वर्ष निघते त्यांना दोष देणे शहरात बसून सोपे आहे. तरीही ती आग पसरली, तर वाळक्या पानाचे सोंग घेतलेल्या जीवाला राखेवर लपण्यास जागा उरत नाही, आणि ज्या माद्यांनी अद्याप एकही अंडे घातलेले नाही त्याच तेथे असतात. झाडाखाली जाळे अंथरून फुले गोळा केली तर आगीची गरज पडत नाही.

ज्या माद्या तगतात त्या आंबलेल्या फळांचा व झाडांतून पाझरणाऱ्या रसाचा आधार घेत जूनपर्यंत पोहोचतात. पहिल्या सरींनंतर गवताला नवी पाती फुटली की त्यांवर अंडी दिसू लागतात, आणि त्यांतून निघणाऱ्या पिढीच्या पंखांवर पुन्हा ठिपके असतात.