‘इंजिन गेलं’ म्हणणाऱ्याला आधी आकडे विचारा

“मॅडम, साहेबांना पाठवून द्या, त्यांना समजावून सांगतो.” गाडी माझी, 15 वर्षं उलटल्यावर तिचं पासिंग करून आणलं मी, पर्यावरण कर भरला मी, पण इंजिनाला काय झालंय ते ऐकायला मात्र साहेब हवेत. निदान काय, तर फुल इंजिन काम. रिंगा, पिस्टन, बोअर, सगळं. “70 हजार धरून चला.” कशावरून? ऑइलचं झाकण उघडून त्याला आतून धरलेली पांढरट साय माझ्या नाकासमोर नाचवली, बस्स.

आंबा घाटात काटा वर सरकायला लागला तेव्हाच मी गाडी कडेला घेऊन बंद केली होती आणि कोल्हापूरला आणली तीही टोचन करून. तरी हे गृहस्थ चार गिऱ्हाइकांसमोर म्हणतात, “तापलेली तशीच दामटली असणार.” आणि त्याच दमात, “नाहीतर देऊन टाका, माझ्याकडे एक पार्टी आहे.” ज्या इंजिनात काही राम उरला नाही, त्याला गिऱ्हाईक इतकं तयार कसं? मी किल्ली उचलली.

शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींनी त्या सायीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारल्या की इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाला धरते. बघायची ती डिपस्टिक, म्हणाले. तिच्यावरचं ऑइल काळं होतं, पण पाण्याचा अंश नव्हता. मग चारही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावलं आणि मला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला सांगितलं. पहिला सिलिंडर 170 पीएसआय. चौथा 165. मधले दोन मात्र 90 च्या पुढे जाईनात. त्या दोघांत प्लगच्या भोकातून थोडं थोडं ऑइल सोडून पुन्हा सेल्फ. रिंगा झिजलेल्या असतील तर ऑइल फट भरतं आणि आकडा चढतो. काटा होता तिथेच राहिला. प्लग लावून, थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू केली, तर पाण्यात बुडबुडे थांबेनात.

“ताई, बोअरला काय न्हाई झालं. हेड पॅकिंग गेलंय, दोन-तीनच्या मधलं.” हेड उतरवल्यावर तेच निघालं. मधली चिंचोळी पट्टी जळालेली आणि सिलिंडरला एक ओरखडा नाही. दामटलेली गाडी आतून अशी दिसते होय?

मूळ दुखणं रेडिएटरच्या झाकणाचं. ते दाब धरतं म्हणून आतलं पाणी 100 अंशांवर न उकळता 120 च्या आसपास तग धरतं. माझ्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं, घाटात पाणी उकळून उडालं. आदल्या सर्व्हिसिंगला हेच झाकण उघडून, कूलंट काढून नळाचं पाणी कोणी भरलं होतं? त्याच गृहस्थांनी. दोन-तीनशे रुपयांची वस्तू त्यांच्या नजरेला पडली नाही, बोअर मात्र न उघडताच दिसला.

‘खोलल्याशिवाय सांगता येत नाही’ हे ऐकलंत की सावध व्हा. इंजिन खोललं की गाडी त्याच्या ताब्यात. सुट्ट्या भागांचं गाठोडं घेऊन दुसरीकडे जाणार कुठे? आधी सगळ्या सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा. गेज नाही म्हणाला तर तिथून उठा. धुराचा रंगही बघा: निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल आणि पाणी कमी होत असेल तर पॅकिंगवर संशय घ्या. थंडीतल्या सकाळचा पांढरा धूर सोडून द्या. हेड बसवण्याआधी ते सपाट आहे का, हे पट्टी आणि फिलर गेज लावून तपासायला लावा आणि बाक असेल तर फेसिंग करून घ्या. अॅल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं आणि वाकड्या हेडखाली नवं पॅकिंग टिकत नाही. बाकी दोन ठिकाणी विचारा, पक्कं बिल घ्या, हे सगळेच सांगतात.

आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. माझं जळकं पॅकिंग डिकीत आहे. ते गृहस्थ अजून ‘दामटली’ म्हणत असल्याचं कानावर आलं, तर गिऱ्हाइकांची गर्दी बघून मी ते त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहे.