रक्तविज्ञानातील तरुण संशोधक आणि अधिछात्रवृत्ती

ए, बी व एच हे तिन्ही प्रतिजन तांबड्या पेशींवर नसलेला एक दुर्मीळ रक्तगट डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत उजेडात आणला. जगभर तो ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखला जातो. नेहमीच्या चाचणीत हे रक्त ‘ओ’ गटाचे भासते. परंतु अशा रुग्णास ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास ते त्याच्या जिवावर बेतू शकते. पुढे १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. तेच आज परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था होय. अशा संस्था इमारतींवर नव्हे, तर उमेदीच्या काळात संशोधनाकडे वळलेल्या माणसांवर उभ्या राहतात.

संशोधनाची निकड

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, अमरावती आदी जिल्ह्यांत आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. २०४७ हे त्याचे उद्दिष्टवर्ष आहे. तपासणी वाढली, तरी काही प्रश्न उरतातच. एकच जनुकदोष असूनही एका रुग्णास वारंवार असह्य वेदना का होतात व दुसऱ्यास तुलनेने कमी त्रास का होतो? रक्तातील गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण हे याचे एक महत्त्वाचे कारण होय. परंतु सर्व फरकांचा उलगडा त्यातून होत नाही. याची उत्तरे रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतल्यानेच मिळतील.

साहाय्याच्या पायऱ्या

वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उपरोक्त परिषदेने १९७९ पासून दोन महिन्यांची अल्पकालीन संशोधन योजना चालविली आहे. पदव्युत्तर पदवीनंतर कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळू शकते. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राने तिचे मूळ मासिक विद्यावेतन ३१,००० रुपयांवरून ३७,००० रुपये व वरिष्ठ अधिछात्रवृत्तीचे ३५,००० वरून ४२,००० रुपये केले. त्यापुढील टप्प्यासाठी केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग व ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांनी २००८ साली संयुक्त उपक्रम आरंभिला. २०२३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानही उमेदवारीच्या काळातील संशोधकांस अनुदान देते.

अधिछात्रवृत्ती व अनुदान यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. पहिलीतून संशोधकाचा चरितार्थ चालतो. दुसऱ्यातून रसायने, उपकरणे, प्रवास व मदतनीस यांचा खर्च भागतो. एक असून दुसरे नसेल, तर काम अडते. शिवाय साहाय्याची मुदत ठरावीक वर्षांची असते, रुग्णाचा आजार मात्र आयुष्यभराचा. मुदत संपताच संशोधक अन्यत्र गेला, तर नोंदवह्या बंद होतात आणि गावकऱ्यांचा विश्वासही ओसरतो. म्हणून नोंदी व्यक्तीच्या नव्हे, तर संस्थेच्या हाती राहतील आणि नवा संशोधक तेथूनच पुढे जाईल, अशी व्यवस्था प्रत्येक प्रकल्पात असणे अगत्याचे आहे.

आपला वाटा

शिक्षकांनी या योजनांची माहिती ग्रामीण व आदिवासी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवावी. ज्याच्या घरी हा आजार आहे, त्याला त्याचे प्रश्न अधिक नेमके ठाऊक असतात. अधिकाऱ्यांनी मंजूर निधी वेळेवर वितरित होईल हे पाहावे. विद्यावेतन रखडले की गरीब घरातील संशोधक प्रथम गळतो. पंचायत सदस्यांनी संशोधकांस सहकार्य द्यावे, तसेच रक्त घेण्यापूर्वी संमती घेतली जाते की नाही व वाहकांची नावे गुप्त राहतात की नाही, याविषयी जागरूक असावे. नाव फुटल्याने एखाद्या मुलीचे लग्न मोडले, तर पुढील तपासणीस गाव पुढे येणार नाही. निधी शासनाने द्यावयाचा, परिश्रम संशोधकाने करावयाचे. परंतु ज्या विश्वासावर हे कार्य चालते, तो जपणे गावाच्याच हाती आहे.