ज्याचे त्यालाच विचारावे

भाजी सोलण्याची सोलाणी, शीतकपाटाचे दार, रस्त्याकडेचा पदपथ या साऱ्या गोष्टी वापरात येण्यापूर्वी कोणाच्या तरी मनात योजलेल्या असतात. योजणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या वापरणारा एक माणूसही असतो. बहुधा तो तरुण, धडधाकट, नीट पाहू-ऐकू शकणारा असतो. म्हणजे योजणाऱ्यासारखाच असतो. इतरांची अडचण येथूनच सुरू होते.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस पॅट्रिशिया मूर या न्यूयॉर्कमधील रेमंड लोवी यांच्या प्रख्यात कार्यालयात वस्तुरचनाकार म्हणून काम करीत होत्या. एका बैठकीत शीतकपाटाच्या आराखड्याची चर्चा चालली असता त्यांनी विचारले की, संधिवाताने ज्यांची बोटे आखडली आहेत त्यांना हे दार कसे उघडता येईल? अशा लोकांसाठी आपण वस्तू बनवीत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. त्या वेळी त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते.

या उत्तराने अस्वस्थ होऊन मूर यांनी एक विलक्षण मार्ग पत्करला. रंगभूषाकाराच्या साहाय्याने त्यांनी ऐंशी वर्षांच्या वृद्धेचे रूप घेतले. केवळ सुरकुत्या रंगवून त्या थांबल्या नाहीत. दृष्टी धूसर व्हावी, कानांवर शब्द अर्धवट पडावेत, गुडघे वाकू नयेत, बोटे आखडावीत अशी योजनाही त्यांनी स्वतःच्या शरीरावर केली. १९७९ ते १९८२ या काळात अमेरिका व कॅनडातील शंभराहून अधिक शहरांत त्या या वेषात वावरल्या. बसची पायरी किती उंच असते आणि दुकानाचे दार किती जड असते, हे त्यांना तेव्हा उमगले. त्याहून अधिक बोचली ती माणसांची वागणूक. तरुणीशी हसून बोलणारा विक्रेता वृद्धेकडे लक्षही देत नसे. एकदा तर काही मुलांनी त्यांना बेदम मारहाण केली. त्या दुखापतीचे परिणाम त्यांना पुढेही भोगावे लागले. हे सारे अनुभव त्यांनी १९८५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

मूर यांचे धैर्य असामान्य होते, यात शंका नाही. तरीही या पद्धतीची एक मर्यादा आहे. वेष घेणाऱ्याला तो उतरवताही येतो. डोळ्यांवर पट्टी बांधून तासभर चालणाऱ्याला अंधत्वाची भीती कळते. परंतु वर्षानुवर्षे पांढऱ्या काठीने वाट काढणाऱ्याचे कौशल्य त्याला कळत नाही. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपल्याकडे म्हणतातच. म्हणून १९९०च्या दशकात जगभरच्या अपंगांच्या चळवळीने एक मागणी लावून धरली : आमच्याविषयीचा कोणताही निर्णय आम्हांला वगळून होऊ नये. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या आणि भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या करारातही अपंग व्यक्तींशी विचारविनिमय करणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे.

अर्थात, एकाला विचारून भागत नाही. इंग्लंडमधील वास्तुरचनाकार सेल्विन गोल्डस्मिथ यांना ऐन तारुण्यात पोलिओ झाला. १९६०च्या दशकात नॉर्विच शहरात त्यांनी चाकांची खुर्ची वापरणाऱ्या अडीचशेहून अधिक व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या. रस्ता ओलांडण्याच्या जागी पदपथाची कड उतरती करावी, ही गरज त्या अभ्यासातून पुढे आली. बाबागाडी ढकलणाऱ्या मातांनाही या उताराचा लाभ झाला. मात्र अंध पादचाऱ्याला पदपथ संपल्याची खूण त्याच उंच कडेवरून पटत असे. कड गेली आणि नकळत रहदारीत पाऊल पडण्याचा धोका उद्भवला! यावर उपाय ठरली ती जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये योजलेली उंचवट्यांची फरशी. १९६७ मध्ये ओकायामा शहरात ती प्रथम बसवण्यात आली. उभ्या रेघा असतील तर पुढे चालावे, गोल ठिपके लागले तर थांबावे, हे पायाला आणि काठीला समजते. दिल्ली मेट्रोच्या स्थानकांवर दिसणारी पिवळी फरशी याच कुळातील आहे.

अलीकडे, विशेषतः २०२०च्या महासाथीपासून, वापरकर्त्यांची अशी विचारपूस दूरध्वनी व संगणकाद्वारे दुरूनही होऊ लागली आहे. ज्याला जिना उतरणे कठीण, त्याला घरबसल्या मत देता येते, ही सोय मोठी आहे. परंतु दूरध्वनीवर मुलाखत ठेवली की कर्णबधिर व्यक्ती आपोआप वगळली जाते. तिच्यासाठी लिखित संवाद किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषा हवा, आणि पडद्यावर कागदपत्रे दाखवताना दुभाष्याचे हात झाकले जाणार नाहीत हेही पाहावे लागते. अंध व्यक्तीच्या संगणकातील पडदावाचक मजकूर मोठ्याने वाचत असतो. त्याच वेळी प्रश्नकर्ता बोलू लागला तर एकाच कानात दोन आवाज आदळतात. अशा वेळी प्रश्न विचारून गप्प राहणे हेही संशोधकाचे कामच असते. अडखळत बोलणाऱ्याचे वाक्य स्वतः पुरे करण्याचा मोह, किंवा शेजारी बसलेल्या नातेवाइकाचेच उत्तर लिहून घेण्याचा मोह, प्रयत्नपूर्वक टाळावा लागतो.

सर्वांत घातक चूक मात्र मुलाखतीच्या आधीच घडते. सहभागाचे निमंत्रण पुष्कळदा केवळ चित्ररूपात पाठवले जाते. त्यातील अक्षरे पडदावाचकाला वाचता येतीलच, असे नाही. निमंत्रण कळलेच नाही म्हणून अंध वाचक येत नाहीत, आणि त्यांना या विषयात रस नाही अशी नोंद अहवालात होते.

याच पडदावाचकाची एक हकीकत येथे नोंदवण्याजोगी आहे. अशी आज्ञावली पूर्वी अतिशय महाग मिळे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी विनामूल्य पडदावाचक लिहिण्यास आरंभ केला. पुढे जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. ‘एनव्हीडीए’ या नावाने तो आज अनेक देशांत वापरला जातो. करन आणि तेह हे दोघेही अंध आहेत.