पेशन्सचा डाव कसा जिंकावा



कतारचा उन्हाळा भाजून काढणारा. २०२१ पासून तेथे १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करण्यास कायद्याने बंदी आहे. नोकरीसाठी कुटुंबापासून दूर राहणारी आपली मराठी माणसे तेथे बरीच. ती लांब दुपार खायला उठते. अशा वेळी पत्त्यांचा एक कॅट पुरतो. पेशन्सला भिडू लागत नाही. पैसेही लावू नयेत; कतारमध्ये जुगार गुन्हा आहे.

मांडणी सर्वांस ठाऊक आहे. सात ढिगांत २८ पत्ते. त्यांपैकी ७ उघडे, २१ पालथे. हातात उरतात २४. पालथे २१ उघडणे हेच खरे काम. त्यासाठी पुढील नियम लक्षात ठेवावेत.

१) ज्या चालीने पालथा पत्ता उघडतो, ती आधी करावी. किलवरचा गुलाम एक आणि लाल दश्श्या दोन असतील, तर ज्या ढिगात पालथे पत्ते जास्त, तेथील दश्शी उचलावी.

२) राजा हाताशी नसेल तर ढीग रिकामा करण्याची घाई नको. लाल राजा बसवला तर त्यावर काळी राणीच लागेल. कोणती राणी मोकळी आहे ते आधी पाहावे.

३) एक्का व दुर्री लगेच वर न्यावी, पुढच्या पत्त्यांना धीर धरावा. बदामाची सत्ती वर गेली, तर काळी छक्की ठेवायची कोठे?

४) तीन-तीन पत्ते उलटताना एका फेरीत २४ पैकी आठच वर येतात. पहिली फेरी नुसती पाहावी. एक पत्ता उचलला की पुढच्या फेरीत त्याच्यानंतरचा क्रम सरकतो व दडलेले पत्ते वर येतात.

इतके करूनही डाव अडतो. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील ब्लेक व गेन्ट यांनी संगणकावर असंख्य डाव तपासले. सर्व पत्ते आधीच ठाऊक असले, तरी शंभरातले सुमारे ८२ डावच सुटू शकतात. उरलेले अठरा कोणालाही सुटणारे नाहीत. तेव्हा हरलेल्या प्रत्येक डावाचा दोष स्वतःच्या माथी घेऊ नये. शेवटची चाल पुन्हा एकदा तपासावी, आणि पत्ते पिसून नवा डाव मांडावा.